पिशवी जागेवर आहे

आश्रुबा सानपनं कागद टेबलावर आपटला तेव्हा बाई एका बाळंतिणीचा रक्तदाब बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पारा खाली उतरेपर्यंत थांबल्या, आकडा मला सांगितला, बाळंतिणीच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि मग म्हणाल्या, "बस आश्रुबा. ओरडू नकोस, बाळ झोपलंय."

"बसाया नाई आलो म्या. ह्ये वाचा आधी."

सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. आश्रुबाची बायको गया हिच्या पोटात दुखत होतं म्हणून तो तिला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेला होता. दुखणं निघालं मुतखड्याचं. पण सोनोग्राफीवाला डॉक्टर यंत्रात दिसेल ते सगळं लिहितो. मूत्रपिंड लिहिलं, यकृत लिहिलं आणि खाली एका ओळीत गर्भाशयही लिहून टाकलं. जागेवर आहे, आकार सामान्य, दोष नाही. आश्रुबाला इंग्रजी येत नव्हतं, पण असले कागद वाचून दाखवणारे लोक आमच्या बसस्टँडवर नेहमीच भेटतात.

"दोन वर्सामागं तुमीच काढली ना हिची पिशवी? टाके पडले, आठ दिस खाटंवर होती. मंग ही कुठून आली? परत उगवली?"

मला हसू आलं आणि लगेच मी बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा लावून रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला.

"चांगली आहे की," त्या म्हणाल्या. "मुतखड्यासाठी पाणी जास्त प्यायला सांग तिला."

"चेष्टा करता व्हय? तवाच म्हणलं होतं, काढलेली पिशवी दावा मला. समद्या दवाखान्यात दावतेत. तुमी म्हणल्या, तपासाया पाठवली. फसवलं तुमी मला!"

"फसवलं," बाई म्हणाल्या.

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम कबुली दिली की त्याची मोठी पंचाईत होते. आश्रुबा तोंड उघडं ठेवून उभाच राहिला. दारात गया उभी होती, पदराचं टोक दातात धरून. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, बाईंकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती, कारण खरं काय ते आम्हा तिघींनाच ठाऊक होतं.

आज त्याला पंधरा वर्षं झाली. आता सांगायला हरकत नाही.

बाई म्हणजे डॉ. शालन तिडके. बालाघाटच्या डोंगरातल्या आमच्या तालुक्यात त्यांचा आठ खाटांचा दवाखाना होता आणि मी तिथली सिस्टर, छबू सोनवणे. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धी गावं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातली बाई एक दिवस आडवी झाली तर मुकादम तो खाडा लावतो, आणि खाडा म्हणजे दंड. मग दर महिन्याची पाळी ही बाईची अडचण न राहता सगळ्या घराची अडचण होते. तीन लेकरं झाली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, आता पिशवी ठेवून काय करायचं, असं सासू म्हणते, नवरा म्हणतो, मुकादमही म्हणतो. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरी दुखरी दाढ काढावी तशी पिशवी काढून येतात. बसस्टँडपलीकडच्या चार मजली दवाखान्याचे वरचे दोन मजले याच ऑपरेशनांवर चढले, असं लोक म्हणायचे.

गया आली तेव्हा तेवीसची होती. तपासायला आत घेतली, पडदा ओढला, तशी तिनं बाईंचं मनगट धरलं.

"बाई, मपल्या बहिणीची काढली. पंचवीस वर्साची हाय ती, म्हातारीवानी वाकली. डोक्यावर मोळी घेता येत नाई तिला. मपली नका काढू."

"मग नाही काढत. सांगते तुझ्या नवऱ्याला."

"नगं!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुमी नाई म्हणलं की पलीकडं नेतेल. नका काढू, पर नाई काढली आसंबी म्हणू नका."

बाईंनी पडदा जरासा सारून बघितलं. बाहेर आश्रुबा बिडी ओढत येरझाऱ्या घालत होता. मग बाई मला म्हणाल्या, "छबू, थिएटर लाव."

भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलंच नाही. कातडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, बेंबीखाली चार बोटं चीर घेतली ती फक्त वरच्या वर, आणि तीच परत शिवली. गया टक्क जागी होती. तिसऱ्या टाक्याला ती खुदकन हसली. "हलू नकोस गं, वाकडा येईल," बाई म्हणाल्या, आणि मग आम्ही तिघी हसलो. पुढची दोन वर्षं ते चार-चार दिवस गयानं उसाच्या फडात आणि कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, कसे लपवले ते मी लिहिणार नाही. ज्या बायांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

गया पहिली नव्हती आणि शेवटचीही नव्हती. आकडा मी आजही सांगणार नाही.

महिन्याभरात मुंबईहून बाईंना वैद्यकीय परिषदेची नोटीस आली. तक्रार आश्रुबाच्या नावानं होती, पण इतक्या छापील इंग्रजीत, की चार मजली दवाखान्याच्या शाईचा वास लगेच यावा. आरोप तीन. न केलेलं ऑपरेशन केल्याचं दाखवलं, खोटं सर्टिफिकेट दिलं आणि रुग्णाची फसवणूक केली. सिद्ध झालं तर डॉक्टरकीचा परवाना कायमचा जाणार होता. गावात तर आधीच निकाल लागला होता. तिडकेबाई चिरा मारून पैसे घेते, असं लोक चहाच्या टपरीवर बोलायला लागले. ज्यांची पोरं बाईंनी रात्री-अपरात्री उठून सुखरूप हातात दिली होती, तेही त्यात होते. गावाला काय, गूळ तिकडे माशा.

जिल्ह्याहून एक वकील आपण होऊन आले. चांगला माणूस होता. म्हणाले, "मॅडम, गयाबाईला सगळं ठाऊक होतं, तिच्याच सांगण्यावरून केलं, एवढं तिच्या तोंडून आलं की फसवणुकीचा आरोप गळाला. परवाना शंभर टक्के वाचेल. तुमच्या सिस्टरही साक्षीला आहेतच."

बाईंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी चिडले. एवढ्या वर्षांत मी बाईंशी भांडले नव्हते, त्या दिवशी भांडले.

"का पाठवलं त्यांना? मी सांगते ना काय झालं ते. माझ्यासमोर तिनं हात धरला तुमचा."

"तू मी सांगेन तेच सांगायचंस. गयाला काही ठाऊक नव्हतं."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं सर्टिफिकेट दिलंय मी. त्यापुढे हे काय मोठं?" त्या कापूस मोडून ठेवत होत्या, हात थांबला नाही. "छबू, आश्रुबा माझ्यावर चिडला तर काय करील? पाटीवर दगड मारील. तिच्यावर चिडला तर काय करील, ते तू मला सांग."

बाईंचं तेवढ्यावर थांबलं नाही.

"आणि ती बोलली की बाकीच्या बोलल्यासारख्याच. तालुक्यातल्या ज्या ज्या बाईवर माझा टाका आहे, तिला दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला नेतील आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावर घालतील."

परिषदेच्या त्या इमारतीत लिफ्ट बंद होती आणि सुनावणी तिसऱ्या मजल्यावर. मी तेव्हा छत्तीसची, बाई साठीला टेकलेल्या. पण दर वळणावर थांबावं लागलं ते माझ्या गुडघ्यांसाठी. बाई उगीच भिंतीवरच्या सूचना वाचत उभ्या राहायच्या, मला ओशाळं वाटू नये म्हणून. दुसऱ्या मजल्यावर मी घामानं निथळले. जानेवारी होता.

"गोळी घेतलीस का आज?"

"विसरले."

त्यांनी पर्समधून कॅल्शियमची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. रोज सकाळी ठेवायच्या तशीच. स्वतःचा परवाना जायची वेळ आली होती आणि ही बाई माझ्या गोळीचा हिशेब ठेवत होती.

आत लांब टेबलामागे तिघं. मधोमध अध्यक्ष, म्हातारे सर्जन, आवाज हळू पण धारदार. उजवीकडे एक बाई, स्त्रीरोगतज्ज्ञ, केस पांढरे, कपाळावर आठ्या. तिसरे सदस्य सगळा वेळ लिहीतच होते. एका बाजूला आश्रुबा नवा सदरा घालून बसला होता, शेजारी गया. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"डॉक्टर तिडके, तुम्ही गर्भाशय काढलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"काढल्याचं सर्टिफिकेट दिलंत?"

"हो. सही माझीच आहे."

"पैसे घेतलेत?"

"टाक्यांचे घेतले."

लिहिणाऱ्या सदस्यांची मान पहिल्यांदा वर झाली.

"का केलंत हे?"

"काढायला कारण नव्हतं म्हणून."

"मग सरळ नाही म्हणायचं होतं. डॉक्टरला तेवढा अधिकार असतो."

"म्हणत होते साहेब. आधी सहाजणींना नाही म्हटलं. माझ्याच पायऱ्या उतरून पलीकडे गेल्या आणि आठवड्यात सहाच्या सहा काढून आल्या. त्यातली एक एकवीस वर्षांची होती. माझं नाही म्हणणं त्यांच्या काय कामाला आलं?"

मग त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "ह्या पेशंटला कल्पना होती? तिनं तुम्हाला तसं सांगितलं होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी ठरवलं, मी केलं. तिला काही ठाऊक नव्हतं."

गयाची मान इतकी खाली गेली की मला तिचा नुसता भांग दिसत होता. त्या बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"सिस्टर, थिएटरमध्ये तुम्ही होतात. तुम्ही सांगा. पेशंटला ठाऊक होतं?"

ह्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की बाई सुटत होत्या. एका अक्षराचं काम. ते माझ्या जिभेवर आलंही होतं, आणि ते खरं होतं. मी गयाकडे बघितलं. तिनं मान वर केली होती. तिच्या खुर्चीच्या पाठीवरचा आश्रुबाचा हात सरकून आता तिच्या खांद्यावर आला होता, आणि ती मोळी अंगावर कोसळताना बघावी तशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "तिला काही माहीत नव्हतं."

जिच्यासाठी मी जीव दिला असता तिचा परवाना मी माझ्या तोंडानं घालवला. मला रडू फुटलं. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, चीर नीट शिवली की हलवायच्या तशी.

"बचावासाठी काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"बचाव नाही. एक विनंती आहे." बाई उभ्या राहिल्या. "तो सोनोग्राफीचा रिपोर्ट तुम्हीच पुरावा म्हणून घेतलाय. वाटल्यास पेशंटला इथे तपासा. आणि निकालात एवढं एक वाक्य लिहा, की हिचं गर्भाशय निरोगी आहे आणि ते काढण्याची काही गरज नाही. खाली तुमचा शिक्का असू द्या."

"त्यानं तुमचा गुन्हा कमी होत नाही, डॉक्टर."

"त्यासाठी मागत नाही मी."

आश्रुबा मध्येच उठला. "सायेब, मीबी त्येच इचारतोय. आता ती काढायची का ठिवायची? कुणी नीट सांगतच नाई."

अध्यक्षांनी त्याला खाली बसवलं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई मात्र खुर्ची सरकवून उठल्या, गयाला म्हणाल्या, "चल गं माझ्याबरोबर," आणि तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. आश्रुबा रुमालानं मान पुसत होता. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आत काय बोलणं झालं ते मला गयानं पुढे सांगितलं, पण त्या बाईंनी तिथे त्यातलं एक अक्षरही उच्चारलं नाही. मला कुणी परत काही विचारलं नाही.

"निरोगी आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "लिहू या ते वाक्य."

अध्यक्षांनी फाइल मिटली. "डॉक्टर तिडके, शेवटचं काही?"

"शिक्षा द्या. ती मला मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पेशंट तेवढी चुकीची आहे."

"म्हणजे? समजलं नाही."

"काही नाही साहेब."

त्यांना समजलं नाही, आश्रुबाला समजलं नाही, गयालाही नाही. मला समजलं, आणि मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

निकाल टपालानं आला. दोन वर्षं बाईंचं नाव डॉक्टरांच्या यादीतून कमी. कायमचा परवाना का गेला नाही याचं गावाला नवल वाटलं, मला नाही वाटलं. आणि तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं, जसंच्या तसं, खाली गोल शिक्का. आश्रुबा, ज्याला सगळ्यांत जास्त राग आला होता, त्यानंच ते पान प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. पुढच्या हंगामात मुकादमानं पुन्हा विषय काढला तेव्हा त्याच्यासमोर धरलं. "मुंबईच्या मोठ्या डाक्टरांनी लिवलंय. काढायची नाई. उद्या काई झालं तर तू जबाबदार का?" मुकादम कुणाला भीत नाही, पण शिक्क्याला भितो. त्या पानाच्या झेरॉक्स कुठल्या कुठल्या कोपीत पोचल्या देव जाणे. पलीकडच्या दवाखान्यात बाया कारण विचारायला लागल्या, लेखी द्या म्हणायला लागल्या. पुढची काही वर्षं त्यांचा वरचा मजला रिकामाच होता.

आता चुकीची पेशंट म्हणजे काय ते सांगते.

मी बावीस वर्षांची असताना मीही अर्धा कोयताच होते. मला तीन दिवस जास्त जायचं, एवढंच. नवऱ्यानं बाईंच्या दवाखान्यात आणलं. त्या तेव्हा तालुक्यात नव्या होत्या, गर्दी होती, दिवसाला दोन-तीन ऑपरेशनं व्हायची. कागदावर नवऱ्याचा अंगठा, माझा अंगठा, तपासणीचं कारण, सगळं रीतसर. माझी पिशवी स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर नवऱ्याला दाखवली. त्यानं मान हलवली. मला कुणी दाखवली नाही.

पिशवीबरोबर अंडाशयंही गेली होती; दोन वर्षांत माझी हाडं बोलायला लागली. मोळी उचलेना. नवऱ्यानं दुसरी बायको केली, कारण कोयता पुरा पाहिजे. मी गुडघे दुखतात म्हणून बाईंकडेच गेले, दुसरं कोण होतं ओळखीचं? त्यांनी माझा जुना कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. "कशासाठी काढली मी?" त्या म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच. कारण तर लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात.

त्या दिवशी त्यांनी मला ठेवून घेतलं. लिहा-वाचायला शिकवलं, दहावी बाहेरून द्यायला लावली, नर्सिंगचा कोर्स करवला, आणि त्या दिवसानंतर कारण नसताना एकही पिशवी काढली नाही. माझ्याबद्दल त्यांना कुणी कधी मुंबईला बोलावलं नाही. कागद बरोबर होते ना.

निकाल आल्यावर दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टुलावर चढून दारावरची पाटी स्वतः उतरवली. आत आणून भिंतीला टेकवली, हात पुसले आणि माझी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मला राहवलं नाही.

"बाई, मी तक्रार केली असती तर?"

त्यांनी माझी मूठ गोळीवर मिटवली आणि तशीच धरून ठेवली.

"वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं, छबू. तू केलीच नाहीस."

मी गोळी गिळली आणि उतरवलेल्या पाटीवरची धूळ पुसली. दोन वर्षांनी पाटी परत लावायची वेळ आली तेव्हा आश्रुबा हातोडी घेऊन हजर होता, गयाचा थोरला पोरगा होता, वकीलसाहेबही आले होते. मी हातोडी आश्रुबाच्या हातातून काढून घेतली. चार खिळे होते. प्रत्येक घावाला खांद्यापर्यंत कळ जायची, मध्ये दोनदा थांबले, पण चारही मीच ठोकले.